सोळा घरं, दोन चौकटी: वाशीतल्या एका विंगवरच्या तीन शॉर्टफिल्मचं प्रकरण

वाशीतल्या सिडकोच्या एका जुन्या सोसायटीची एक विंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडली गेली. पाडण्याआधीच्या महिन्यांत आणि पाडल्यानंतर तिच्यावर तीन प्रयोगशील शॉर्टफिल्म झाल्या. तिन्ही मिळून अर्ध्या तासात संपतात. करणारी पाच मुलं होती, त्यातली दोघं याच विंगमध्ये लहानाची मोठी झालेली. मी संकलनाच्या बाजूने त्यांच्यासोबत होतो. रहिवाशांना घर सोडायची घाई होती आणि फिल्म करणाऱ्यांना त्याच घराचा लळा लागला होता. यातली एकही गोष्ट खोटी न पाडता दोन्ही पडद्यावर कशा आणायच्या, हा या प्रकरणातला खरा पेच. तो प्रत्येक फिल्ममध्ये वेगळ्या तऱ्हेने सुटला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

विंग आणि तिची माणसं

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही मांडणी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली केली. ते शहर उभारणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला आणि मानखुर्दहून लोकल वाशीत यायला १९९२ उजाडलं. या विंगमधली बहुतेक कुटुंबं ऐंशीच्या दशकात आली, म्हणजे पूल होता पण गाडी नव्हती अशा काळात. कुणी परळहून, कुणी गिरगावातून, कुणी डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून. बँकेतले, सरकारी कचेरीतले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतले. मुंबईतल्या खोलीच्या मानाने हे घर मोठं होतं, उजेडाचं होतं आणि हप्त्यावर का होईना, स्वतःचं होतं.

तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर चार घरं, एकूण सोळा. मोझॅकच्या लाद्या, कडप्प्याचा ओटा, मोरी, स्वयंपाकघरावर माळा. सगळी घरं एका नकाशाची. फरक एवढाच की जिन्याच्या एका बाजूची घरं दुसऱ्या बाजूच्या घरांची आरशातली प्रतिमा. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

इमारत थकली होती. खाडीची खारी हवा, वर्षानुवर्षांची गळती, आतून गंजून फुगलेल्या सळ्या. स्लॅबचं प्लास्टर पडण्याच्या तक्रारी वाशीतल्या सिडकोच्या इमारतींत जुन्याच आहेत. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्या यादीत आपलं नाव कोणत्या वर्गात येतं याकडे लोक निकालाकडे पाहावं तसे पाहतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, खाली करा. या विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात ओट्यापासून हातभर अंतरावर लोखंडी टेकू उभा होता. त्या घरातल्या आजींनी त्याला दोरी बांधून हात पुसायचं फडकं अडकवलं होतं. स्वयंपाक त्याला वळसा घालून चालायचा.

अशा घरात राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्या आठवणी पुसल्या जाणार’ असं हळव्या आवाजात सांगणं हा उद्धटपणा झाला असता. रिडेव्हलपमेंट लोकांनी मागून घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी बैठका घेतल्या, भांडणं केली, एकमेकांशी बोलणं टाकलं आणि पुन्हा सुरू केलं. मुलांना हे समजायला वेळ लागला, पण समजल्यावर ती मागे फिरली नाहीत.

मुलाखतींनी काय दिलं

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. खुर्ची खिडकीपाशी, माइक कॉलरला, आणि प्रश्न: ‘काका, जुन्या आठवणी सांगा ना.’

उत्तरं मन लावून दिली गेली आणि सगळी एकसारखी निघाली. तेव्हा इथे काहीच नव्हतं. सगळीकडे चिखल. कोल्हेकुई ऐकू यायची. दारं उघडी असायची. गणपतीत सगळी विंग एकत्र जेवायची. एकानेही खोटं सांगितलेलं नाही. पण ही वाक्यं लग्नकार्यात, स्नेहसंमेलनात इतक्यांदा सांगून झालेली की ती आता कुणा एकाची राहिलेली नाहीत. कोणत्याही जुन्या सेक्टरमध्ये ती अशीच्या अशी मिळतील. फुटेज पाहताना मला जाणवलं की चेहरे वेगवेगळे आहेत आणि आवाजाचा ट्रॅक मात्र सोळा वेळा एकच आहे.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. वस्तीच्या आठवणींवरच्या बहुतेक शॉर्टफिल्म इथेच फसतात. त्या या वाक्यांखाली बासरी घालतात, वरून एखादा कबुतरांचा शॉट टाकतात आणि प्रेक्षकाचे डोळे ओले करतात. माणूस जे सांगतो ते त्याने आधीच घोटून गुळगुळीत केलेलं असतं. जे घोटलेलं नाही ते त्याच्या हातापायांत, घराच्या मोजमापात, आवाजात राहतं. तिथपर्यंत पोचायला प्रश्न पुरत नाही, काहीतरी कृती घडवावी लागते. फिल्मचा ‘प्रयोग’ त्या कृतीत हवा. एडिटमध्ये वरून घातलेल्या इफेक्टने तो होत नाही.

मुलाखतींचं सगळं फुटेज बाजूला ठेवायचं ठरलं. पुसलं नाही, ते ज्या त्या कुटुंबाला देऊन टाकलं, आणि कुटुंबांना ते फार आवडलं.

पहिली फिल्म: एकाच जागेवरून

सोळा घरं एका नकाशाची असतील तर कॅमेरा प्रत्येक घरात एकाच बिंदूवर ठेवता येईल, ही कल्पना तिथे वाढलेल्या मुलीची. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून ट्रायपॉड, ठरलेली उंची, एकच लेन्स, समोर खिडकी. मोजमाप कशावरून घ्यायचं यावर मात्र अडलं. लाद्या मोजाव्यात तर निम्म्या घरांत मोझॅकवर नव्या टाइल्स बसलेल्या. खिडकी धरावी तर कुणी बाल्कनी आत घेतलेली, कुणी बॉक्स ग्रिल केलेलं. चाळीस वर्षांत ज्याला कुणालाच हात लावता आला नव्हता अशी एकच गोष्ट निघाली: छताखालचा बीम. तो धरून सगळ्या फ्रेम लावल्या.

रात्री ट्यूबलाइटखाली शूट करताना फोनच्या चित्रात काळे पट्टे सरकू लागले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करावं लागतं आणि एक्स्पोजर लॉक करावं लागतं. फोनला मोकळं सोडलं तर तो दर घराचा उजेड आपल्या मनाने सारखा करतो, आणि कुणाचं घर अंधारं, कुणाचं लखलखीत हा फरकच मरतो.

मग या फ्रेम एकावर एक ठेवल्या. थर समान दिसायला हवे असतील तर प्रत्येकाची अपारदर्शकता (ओपॅसिटी) सारखी ठेवून चालत नाही, वरचाच थर बाकीच्यांना खाऊन टाकतो. सगळ्यात खालचा १०० टक्के, त्यावरचा ५०, मग ३३, २५, २०, असं उतरत जावं लागतं. तसं केल्यावर चित्र जुळून आलं आणि आम्ही सगळेच बघत राहिलो. बीम धारदार. बाकी सगळं धुकं. सोफे, कपाटं, टीव्ही, देवाच्या तसबिरी यांचा एक करडा-तपकिरी ढग, आणि त्यातून मधेच कुणाच्या तरी दाराच्या तोरणाचा लाल ठिपका.

पण यात आरशाचा घोळ होता. निम्मी घरं उलटी. सगळी एकावर बसवायची तर आठ घरं सॉफ्टवेअरमध्ये पलटावी लागत होती. पलटलेल्या घरांतली कॅलेंडरं उलटी झाली, दार डावीकडचं उजवीकडे गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी क्षणात सांगितलं, ‘हे आमचं घर नाही.’ घर त्यांचंच होतं. तेव्हा पलटवणं रद्द झालं. डाव्या हाताची आठ घरं एका चौकटीत, उजव्या हाताची आठ दुसऱ्या चौकटीत, दोन्ही शेजारी शेजारी. एकत्र पाहिलं की मधला जिना नसूनही दिसतो.

आवाज त्या त्या वेळी त्याच घरांतले: कुकरच्या शिट्ट्या, बातम्या, वरच्या घरातली पाटा सरकवल्याची घरघर. मुलांनी एका चौकटीचा आवाज दुसऱ्या चौकटीवर घातला. यात कलाकारी कमी आणि वस्तुस्थिती जास्त, कारण त्या विंगमध्ये शेजारच्याचा आवाज आपल्याच घरात यायचा.

संमती दोनदा घ्यायची असं ठरलं होतं. एकदा शूटिंगआधी, एकदा एडिट दाखवल्यावर. दुसऱ्या वेळी डाव्या बाजूच्या एका कुटुंबाने नकार दिला. कारण सांगितलं नाही, विचारलंही नाही. आता आठाचं सात करून चित्र पुन्हा समान करायचं, की जागा रिकामी ठेवायची? मुलांनी त्या घराच्या जागी काळा थर ठेवला. परिणाम असा की डावी चौकट उजवीपेक्षा एक अष्टमांशाने काळवंडली. फिल्ममध्ये त्याचा खुलासा कुठेच नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला वाटतं, तिकडे उजेड कमी असेल. विंगमधल्यांना बरोबर कळतं. नकारालाही चित्रात जागा देणारा हा निर्णय मला तिन्ही फिल्ममधला सगळ्यात सच्चा वाटतो.

दुसरी फिल्म: सभेचा आवाज

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली शासनाचे निर्देश आहेत. आधी २००९ चे, मग ४ जुलै २०१९ चे सुधारित. विकासक निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, असं त्यात आहे. म्हणजे रिडेव्हलपमेंटला गेलेल्या राज्यातल्या सोसायट्यांच्या कपाटांत अशी एकेक लांबलचक फिल्म पडून आहे. कुणी ती कला म्हणून काढलेली नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने कोपऱ्यात कॅमेरा लावून दिलेला असतो.

या सोसायटीच्या सचिवांनी कमिटीत विषय ठेवून ते फुटेज मुलांना पाहायला दिलं. आमसभा नुसती जशीच्या तशी पाहिली तरी खिळवून ठेवते. कार्पेट एरिया किती, सोसायटीला कॉर्पस फंड किती, भाडं किती महिने आगाऊ, बँक गॅरंटी कुठे, पार्किंग कुणाला. त्यात मधेच एक गृहस्थ उठून विचारतात की गच्चीवर पापड वाळत घालता येतील का, आणि त्यांना कुणीही हसत नाही.

अडचण चेहऱ्यांची होती. विरोधात बोललेली माणसं पुढे राजी झाली होती, आता त्याच शेजाऱ्यांसोबत नव्या इमारतीत राहणार होती. त्यांचे रागावलेले चेहरे कायमचे कुणी का दाखवावेत? तेव्हा चित्र काढूनच टाकलं. पडदा काळा. फक्त आवाज: सदनिका क्रमांक पुकारला जातो, सभासद ‘संमती आहे’ म्हणतो. नावं कापली, क्रमांक ठेवले. मधल्या थांबण्यांना कात्री लावली नाही. कुणी क्रमांक पुरा होण्याआधीच ‘हो’ म्हणतं. एका क्रमांकानंतर बराच वेळ काहीच येत नाही, खुर्ची सरकते, पंख्याचा आवाज, मग खोकून ‘हो, लिहा’.

ही फिल्म बाहेरच्यांना लांबते, आणि लांबतेच. मी दोनदा सुचवलं की मधले काही क्रमांक गाळावेत. मुलं ऐकली नाहीत. त्यांचं म्हणणं, गाळलेला क्रमांक कुणाचं तरी घर असेल. या मुद्द्यावर मी गप्प बसलो, पण प्रेक्षक म्हणून माझं मत अजून तेच आहे.

तिसरी फिल्म: फक्कीचं घर

विंग रिकामी झाली, पत्रे लागले, पोकलेन आला. पाडकामाचा टाइमलॅप्स करावा असं एकाच्या मनात होतं. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवायला १९१२ च्या सुमारास ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली होती, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपट्याची थोडी थोडी वाढ टिपून. आपल्याकडच्या सिनेमाच्या मुळाशीच असा प्रयोग आहे, त्याला उलटा जोड द्यायचा ही त्याची कल्पना. सुंदर होती. पण विकासकाचा ड्रोन तेच टिपत होता, आणि पडणारी इमारत पाहून डोळा सुखावतो हेच मुलांना नको होतं. कल्पना सोडून दिली.

तिसऱ्या फिल्मचं बीज कोपरखैरण्यात मिळालं. टेकूवाल्या आजी तिथे भाड्याच्या घरात राहायला गेल्या होत्या. मुलं भेटायला गेली तेव्हा आजी चहा करायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात डाव्या हाताने भिंत चाचपू लागल्या. तिथे बटण नव्हतं. बटण वाशीच्या घरात होतं.

मग असं ठरलं की पाडलेलं घर जमिनीवर पूर्ण मापात आखायचं. सुट्टीच्या दिवशी एका शाळेचं मैदान मिळालं. विंगमधले एक काका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांनी सोसायटीच्या फाइलमधला जुना नकाशा काढला, टेप धरली, दोरी ताणली, आणि खो-खोचं मैदान आखतात तशी फक्की मारत भिंती, दारं, ओटा, मोरी आखून दिली. एक डावं घर, एक उजवं घर, मधे जिना. कॅमेरा शाळेच्या व्हरांड्यातून खाली पाहणारा, स्थिर. माणसांच्या कॉलरला छोटे माइक. त्यांना एवढंच सांगितलं: सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत जे करत होता ते करा, वाटलं तर बोला.

भिंत ओलांडून एकही मोठा माणूस गेला नाही. नातवंडं रेघांवरून उड्या मारत होती. आज्या आणि काका मात्र दारातूनच आत-बाहेर करत होते. एक काका मोरीत शिरताना दर वेळी डोकं वाकवत होते, वर माळ्याची कड होती म्हणून. आणि टेकूवाल्या आजी ओट्याकडून फ्रिजच्या जागेकडे जाताना मधेच अंग चोरून वळल्या. सुनेने विचारलं, ‘आई, वळलात कशाला?’ आजी म्हणाल्या, ‘टेकू आहे ना.’ नकाशात टेकू नव्हता. काकांनी तो आखलाच नव्हता. मुलाखतीत हीच बाई ‘फार छान दिवस होते’ यापलीकडे गेली नव्हती.

इथवर फिल्म पुरी झाली असं सगळ्यांना वाटत होतं. तेवढ्यात मासेवाल्या मावशी आल्या. जुहूगावच्या. विंगमध्ये तीसेक वर्षं पाटी घेऊन येणाऱ्या. त्यांना मुलांनी बोलावलं नव्हतं, एका काकूंनी सहज सांगितलं होतं. त्या रेघेबाहेर उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, ‘आत कधी गेले नाय, मला काय ठाव आत काय व्हतं.’ मग जिन्यावर गेल्या आणि दारादारांत थांबत सांगू लागल्या. इथे बोंबील, सोमवार सोडून. इथे फक्त कोलंबी, तीही मुलगी आली तर. इथली म्हातारी भाव पाडायची आणि मग पाणी द्यायची. हे दार दुपारी उघडायचंच नाही. सोळा घरांचा तो नकाशा निव्वळ उंबऱ्यांचा होता आणि काकांच्या नकाशाइतकाच बिनचूक.

त्यानंतर त्या मैदानाच्या कडेपर्यंत चालत गेल्या आणि हात करून विंगच्या जागेकडे दाखवलं: सासरच्यांचा भात तिथे पिकायचा, बांध साधारण तुमच्या गेटपाशी. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मावशींच्या घरच्यांचा तो भूखंड भावाभावांत वाटला गेला आणि विकला गेला. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, मुलांनी दोनच वाक्यं ठेवली.

मुलांच्या मनातली वस्ती तोवर सोळा कुटुंबांची होती. मावशींनी ती मोडून मोठी केली. ‘तेव्हा इथे काहीच नव्हतं’ हे मुलाखतींतलं लाडकं वाक्य त्या चालत गेल्या तिथेच पडलं, आणि त्यांनी ते कुणाला चूक ठरवून पाडलं नाही. फिल्मची लांबी दुप्पट झाली. माझ्या मते ती तिथून वाशीची फिल्म झाली, एरवी एका सोसायटीची राहिली असती.

तांत्रिक बाजूचं एकच सांगतो, कारण अनेकांना हा त्रास होतो. फोनच्या व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, शूटिंग चालू असताना खालीवर होतो आणि लांब शॉटमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांपासून सुटत जातो. एडिटला बसण्याआधी सगळं फुटेज सलग २५ फ्रेमवर बदलून घेतलं आणि शूटिंगमध्ये अधूनमधून टाळी वाजवून ठेवली होती, म्हणून आवाज जुळला.

दाखवल्यानंतर

समाजमंदिराच्या हॉलमध्ये तिन्ही फिल्म दाखवल्या. घणसोली, सानपाडा, ऐरोली, पनवेल असे भाड्याने पांगलेले लोक आले. पहिल्या फिल्मला लोक जागेवरून उठून पडद्याजवळ गेले, ढगात आपलं कपाट शोधायला. एका काकांना गोदरेजच्या कपाटाची कड सापडली आणि त्यांनी तिच्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतला. दुसऱ्या फिल्मला काहींनी चुळबूळ केली, काहींनी आपला क्रमांक आल्यावर मान खाली घातली. तिसरीला बोलणं इतकं सुरू झालं की आवाज ऐकूच येईना, आणि पुन्हा लावावी लागली.

नंतर विकासकाकडून निरोप आला. नव्या इमारतीच्या विक्री कार्यालयात लावायला दीड मिनिटाची क्लिप हवी होती. पहिल्या फिल्मची चालेल, तिसरीची तर फारच छान. मुलं चिडली. रहिवासी चिडले नाहीत. त्यांनी विषय रीतसर कमिटीपुढे घेतला, कारण चावी मिळेपर्यंत विकासकाशी गोडीत राहायचं होतं. एकाने सुचवलं की बदल्यात पाहुण्यांसाठी दोन जादा पार्किंग मागावीत, आणि त्यावर खरोखर चर्चा झाली.

ठरलं ते असं. पहिली फिल्म द्यायची नाही, कारण नकार दिलेल्या घराचा काळा थर जाहिरातीत जाणं योग्य नाही. दुसरी अर्थातच नाही. तिसरीचा तुकडा द्यायला हरकत नाही, पण त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची पुन्हा लेखी संमती हवी. सगळ्यांच्या सह्या झाल्या, मावशींची राहिली. सचिव स्वतः जुहूगावात जाऊन आले. मावशींनी विचारलं की नव्या इमारतीत वॉचमन आत सोडेल का, आणि नसेल सोडणार तर गेटशी पाटी ठेवायला सावलीतली जागा नकाशात आहे का. ती दाखवा, मग अंगठा नाही, सही करते.

सोसायटीने विकासकाला पाठवलेल्या पत्रात ही अट पहिल्या क्रमांकावर आहे, पार्किंगच्या वर. त्यावर उत्तर आलेलं नाही, आणि क्लिपही दिलेली नाही.